माळढोकाचा आराखडा आणि ज्वारीचा भाव



आज आम्ही तुमच्यापुढे एका पक्ष्याचा विषय मांडणार आहोत. कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल एवढे सगळे पडलेले असताना पक्षी कुठून काढला, असे कुणी म्हणेल. पण हा पक्षी आपल्याच रानातला आहे आणि त्याच्या नावाने आपल्या जमिनीवर जे घडले ते समजून घेतल्याशिवाय पुढचे आराखडे ओळखता येणार नाहीत.

पक्ष्याचे नाव माळढोक. काही भागांत त्याला हूम म्हणतात. उभा राहिला की कमरेला लागेल एवढा उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. त्यावरून नांगर गेला, जनावराचा पाय पडला किंवा कुत्र्याने ते पळवले, की ते वर्ष संपले. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे हे त्याचे खाणे. त्याला दाट जंगल नको. त्याला उघडा माळ लागतो आणि माळाला लागून कोरडवाहू पीक लागते. सोलापूरकडे ते पीक म्हणजे रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडे कापसाच्या रानातही तो दिसलेला आहे. म्हणजे सरकारने त्याचे संरक्षण सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या बांधावर जगत होता.

आता सरकारचे काम पाहा. 1972 च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात वन खात्याने उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजला काही माळ राखले. चराई थांबली, गवत आले, आणि माळढोक तिथे नीट नजरेत भरू लागला. थोडा माळ राखला आणि फळ मिळाले. यातून शहाणपण हेच घ्यायचे होते की, असे लहान लहान माळ जागोजागी राखावेत आणि भोवतीच्या शेतकऱ्याला हाताशी धरावे.

झाले उलटे. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? सुमारे 8,500 चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा इतका त्याचा पसारा. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, हजारो शेतकऱ्यांचे सातबारे आले. माळढोक मात्र त्यातल्या मोजक्या माळांवरच होता.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या कलम 20 प्रमाणे अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीत वारसा हक्काशिवाय नवा हक्क कुणाला मिळवता येत नाही. याचा अर्थ आपल्या भाषेत असा की, बापाची जमीन पोराच्या नावावर होईल, पण पोरीच्या लग्नासाठी त्यातला एकर विकायला गेलात तर खरेदीखत अडेल. हक्कांची चौकशी करा, जमीन हवी तर मोबदला देऊन घ्या, नको तर वगळा, हेही त्याच कायद्यात आहे. 2002 च्या दुरुस्तीने तर ही चौकशी शक्यतो दोन वर्षांत पुरी करा असे कलम घातले. बंदी आधी आली आणि चौकशी रेंगाळत राहिली. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन 2012 मध्ये हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. 1979 ते 2012 म्हणजे तेहतीस वर्षे. एका शेतकऱ्याची उभी उमेद त्यात गेली.

बरे, एवढे करून माळढोक वाढला का? नान्नजला आज एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. साऱ्या देशात दीडशेसुद्धा राहिले नसावेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे 2019 पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. मध्य प्रदेशात करेरा इथे हाच पक्षी वाचवायला 1981 मध्ये अभयारण्य झाले. तिथेही जमिनीचे व्यवहार अडले, काळविटांनी पिके खाल्ली, लोक चिडले, आणि 1990 च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. शेतकरी नाडला आणि पक्षीही गेला. दोघांच्या तोट्याचा असा व्यवहार कुठलाही शहाणा माणूस करणार नाही.

पक्षी का गेला, याची कारणे बरीच आहेत. शिकार झाली, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले, माळ पडीक समजून त्यावर झाडे लावली गेली. पण आपल्याशी थेट जोडलेले कारण कुणी उघड बोलत नाही. उजनीचे पाणी आले आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. शेतकऱ्याने ज्वारी का सोडली? त्याला ज्वारीचा राग आला होता का? ज्वारीत खर्च निघत नव्हता आणि उसात निघत होता, एवढेच. जमीन हिशेबाच्या मागे जाते. ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ पूर्णा गाव आहे. तिथल्या शिवारात आज गोदामांच्या रांगा आहेत, कारण मुंबईच्या मालाला जागा हवी होती आणि भातापेक्षा गोदामात जास्त पैसा होता. सोलापूरच्या माळावर हुकूम काढून हा नियम बदलत नाही. ज्वारी परवडली असती तर ज्वारीचे रान राहिले असते, आणि त्या रानाबरोबर माळढोकालाही जागा राहिली असती.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही पाहू. अमेरिकेतही असे अफाट गवताळ माळ होते, ते नांगराखाली गेले. उरलेल्या माळांवर वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्रे आहेत. 1997 च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक क्षेत्राचा दीर्घ मुदतीचा आराखडा करावा लागतो, दर 15 वर्षांनी तो पुन्हा तपासावा लागतो, आणि करताना शेजारच्या जमीनमालकांचे व लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. डाकोटा प्रांतांत याहून कामाची गोष्ट आहे. तिथले सरकार शेतकऱ्याची जमीन घेत नाही. माळ नांगरायचा नाही, एवढा एकच हक्क पैसे मोजून, करार करून विकत घेते. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, तो गुरे चारतो, आणि पक्ष्यांची पिल्ले निघून गेल्यावर, 15 जुलैनंतर, गवतही कापतो. पोर्तुगालमध्ये कास्त्रो वेर्दे भागात माळढोकाचाच एक भाऊबंद राहतो. तिथे 1995 पासून कोरडवाहू गहू आणि पडीक रान आलटून पालटून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना दर हेक्टरी पैसे मिळू लागले आणि पक्षी वाढला. पुढे ती रक्कम परवडेना, तसे काहींनी गहू सोडून गुरे वाढवली. हिशेब तिथेही तोच आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. माळ राखायला आमचा विरोध नाही. माळ वाचला तर कुसळी गवत वाचते, चारा वाचतो, ओढ्याला पाणी राहते. पण माळ राखणे हे साऱ्या देशाचे काम असेल तर त्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर टाकता येणार नाही. म्हणून कुठलाही आराखडा आला की या बैठकीतल्या प्रत्येकाने पाच प्रश्न विचारावेत.

एक, हद्द गट नंबरनिहाय आहे का? तालुकाच्या तालुका रंगवलेला नकाशा आम्ही मानणार नाही.

दोन, ज्या गटाची जमीन खरोखर लागते ती 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदला देऊन कधी घेणार? लागत नसेल तर ती मोकळी कधी करणार? तारीख लिहून द्या.

तीन, शेतकऱ्याने ज्वारीच करावी, फवारणी टाळावी, अंड्याच्या हंगामात पावसाळ्यात तुकडा पडीक ठेवावा असे वाटत असेल तर एकरी किती आणि किती वर्षे देणार? ती रक्कम दुसऱ्या पिकातल्या उत्पन्नाशी ताडून ठरवा आणि तिचा लेखी करार करा.

चार, काळवीट आणि रानडुक्कर पीक खातात त्याचा पंचनामा किती दिवसांत आणि पैसे किती दिवसांत?

पाच, ठरवायला कोण बसणार? 2002 च्या दुरुस्तीप्रमाणे अभयारण्याच्या सल्लागार समितीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत, समिती शेवटची कधी बसली, हे आपल्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. दरवर्षीची पक्षीगणनासुद्धा ग्रामसभेत वाचली पाहिजे. राखण आपण करायची आणि आकडा मात्र मुंबईला, असे चालणार नाही.

ही घाई कशासाठी, असेही कुणी विचारील. माळढोकाची मादी वर्षाला एखादेच अंडे घालते. आणखी तेहतीस वर्षे चुकण्याइतका वेळ त्या पक्ष्याकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. आज लांडगा, खोकड, चिंकारा याच माळांवर आहेत. उद्या त्यांच्या नावाने आराखडे येतील. तेव्हा शेतकरी आंधळा विरोध करत बसला तर नकाशा पुन्हा त्याला वगळूनच होईल. हिशेब हातात घेऊन पुढे गेला तर माळही राहील आणि जमीनही राहील.

गावी गेल्यावर पहिले काम हे करा. आपल्या शिवारात अजून न नांगरलेला माळ किती, तो कोणाच्या नावावर, त्यावर काय दिसते, याची यादी गावानेच करावी आणि पुढच्या बैठकीला आणावी. सरकारच्या आराखड्याआधी आपला आराखडा तयार असू द्या.