स्वागताध्यक्षीय भाषण : विमानातील अ‍ॅक्च्युएटरचे बिघाड आणि नाशिक नगरी

विमानाचे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर हलवणारा अ‍ॅक्च्युएटर अनेक तऱ्हांनी बिघडतो. तो जागीच अडकतो, आपोआप टोकाला जातो, किंवा हलतो पण निम्म्याच जोराने. विमान जसे वळायला हवे आणि जसे वळते, यांतला फरक संगणक सतत तपासत असतो. मर्यादा कडक ठेवली तर वाऱ्याचा झोतही बिघाड ठरतो; सैल ठेवली तर सावरायला वेळ उरत नाही. बिघाड ओळखण्याच्या विद्येचा खरा कस इथेच लागतो. बिघाड ओळखल्यावर बिघडलेल्या अ‍ॅक्च्युएटरचे काम उरलेल्या भागांवर वाटून दिले जाते.

१९८९ साली अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी डाव्या-उजव्या इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे १९९५ मध्ये नासाने हेच काम संगणकावर सोपवून एमडी-११ सुखरूप उतरवले.

नाशिकचा या विषयाशी संबंध जवळच्या ओझरपुरता. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ पासून आहे; आधी मिग-२१, नंतर सुखोई-३० एमकेआय तिथे घडली. शहराचा त्याहून जुना अभिमान म्हणजे १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय. गोदाकाठच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे वाचत्या झाल्या. ग्रंथांबरोबर संस्थेने नाटकही जपले. तिचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह नाशिककरांच्या जिव्हाळ्याचे आहे. परिषदेला आलेल्या प्रत्येकाने तिथे अर्धा तास तरी काढावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.

प्रतिनिधींची उतरण्याची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, गाद्या पातळ आहेत आणि पहाटे गरम पाणी सर्वांना एकदम पुरणार नाही, याबद्दल समिती मनापासून दिलगीर आहे. शाकाहारी जेवणात तिखट बेताचे ठेवले आहे. तरी कोणाची गैरसोय झाल्यास भोजन विभागाच्या कार्यकर्त्यांना सांगावे. खोल्या विनामूल्य देणारे मंगल कार्यालयाचे मालक, जनरेटर पुरवणारे मंडपवाले, बेदाण्यांच्या पेट्या पाठवणारे निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार, छपाईचा खर्च उचलणारे व्यापारी आणि रात्री दोनपर्यंत खुर्च्या लावणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांची समिती ऋणी आहे. सर्व अभ्यासकांचे नाशिक नगरीत सहर्ष स्वागत.