विमानतळावर भेटलेली माणसे



आज तुमच्याशी विमानतळाविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला सकाळची एस.टी. चुकू नये एवढीच काळजी. विमानाचे काय घेऊन बसलात?

पण दिवस बदलले आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एक छोटे विमान मुंबईला आणले. वाटेत ते अहमदाबादला थांबले आणि मग जुहूला उतरले. त्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या. आज त्याच मुंबईतून गवंडी, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी विमानाने परमुलखात कामाला जातात. २०१७ साली शिर्डीलाही विमानतळ सुरू झाला. तेव्हा तुमच्यावर किंवा तुमच्या मुलाबाळांवर विमानतळाची पायरी चढायची पाळी कधी येईल, याचा नेम नाही.

आता आमची गोष्ट ऐका.

२०१६ सालचा डिसेंबर महिना होता. आमची लेक दुबईला नवऱ्याजवळ होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलेच बाळंतपण. जवळ मोठे माणूस कोणी नाही. म्हणून आम्ही आणि आमची कारभारीण, दोघे निघालो. तिकिटाचे पैसे कसेबसे जमवले होते. ते विमान चुकले असते, तर दुसरे तिकीट काढायची आमची ऐपत नव्हती.

कारभारणीने डिंकाचे लाडू केले. मेतकूट, हळीव, बाळाची दुपटी, सगळे बांधले. लेकीने फोनवर बजावले होते, "आई, लाडवात खसखस अजिबात घालू नको." आम्हाला हसू आले. पण ते खरे आहे बरं का! आपल्याकडे खसखस घरोघर असते. पण दुबईत ती नेणे हा गुन्हा आहे. अफूच्या बोंडातून ती निघते, म्हणून तिथे बंदी. ज्या गावाला जायचे, तिथला नियम आधी विचारून घ्यावा, हा आमचा पहिला धडा.

परदेशी जायचे तर विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. दारातच शिपाई तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. सोडायला आलेल्यांनी बाहेरूनच निरोप घ्यायचा. मुलगा बाहेर राहिला आणि आम्ही दोघे आत गेलो. केवढी ती इमारत! हजारो माणसे, आणि ओळखीचा चेहरा एकही नाही. कारभारणीने आमच्या सदऱ्याची बाही धरली, ती सोडीना.

मोठ्या बॅगा देण्याच्या रांगेत आम्ही उभे होतो. एवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. कपडे चांगले, बोलणे गोड. म्हणाले, "काका, तुमचं सामान कमी दिसतंय. माझ्या भावासाठी एवढं औषधाचं पुडकं न्याल का? तो तिकडे दारातच उभा असेल."

आम्ही नाही म्हणालो. गृहस्थ चिडले. "माणुसकीच राहिली नाही हो," असे म्हणून निघून गेले. आम्हाला फार वाईट वाटले. त्या पुडक्यात खरोखर औषध होते की आणखी काही, देव जाणे. पण एवढे लक्षात ठेवा, तुमच्या बॅगेत जे सापडेल ते तुमचेच धरले जाते. दुसऱ्याचे पुडके नेऊन परमुलखात तुरुंगात पडलेली माणसे आहेत. परक्याला पाणी द्या, वाट दाखवा, जवळची भाकरी द्या. त्याचे पुडके मात्र घेऊ नका.

पुढे एक फॉर्म भरायचा होता. त्या वेळी देश सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागे. १ जुलै २०१७ पासून आपल्या देशाच्या लोकांसाठी तो बंद झाला. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, विमानाचा नंबर, कुठे चालला, कशासाठी चालला, अशा रकाने असलेला तो कागद. आम्ही चष्मा लावून आमचे दोन फॉर्म भरले. मान वर केली तो समोर एक तिशीचा माणूस उभा. सावळा, सडपातळ. हातात कोरा फॉर्म.

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, हे लिहून देता का?"

तो तेलंगणातला, निजामाबादकडचा. आपल्या नांदेड जिल्ह्याला लागूनच तो मुलूख आहे. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात त्याने हमाली केली होती, तिथे मराठी शिकला होता. आता इमारतीच्या कामावर गवंडी म्हणून दुबईला निघाला होता. गावाकडे बायको, दोन लेकरे, म्हातारी आई. जाण्यासाठी कर्ज काढले होते.

आम्ही त्याचा फॉर्म भरला. एवढ्यात त्याच्या मागे दुसरा येऊन उभा राहिला. मग तिसरा. सगळे त्याच टोळीतले. कुणी आधी बोलले नव्हते, कारण सगळ्यांना लाज वाटत होती. एकाने विचारल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. मोजून अकरा फॉर्म भरले. खरे सांगायचे तर शेवटी शेवटी आम्ही जरा कंटाळलो. आवाजही चढला असेल.

प्रत्येक फॉर्मवर खाली सही हवी होती. पहिल्या गड्याला आम्ही म्हणालो, "सही तेवढी राहिली. आता कसं करायचं?"

तो म्हणाला, "सही मी करतो."

त्याने पेन हातात घेतले, थापी धरावी तसे घट्ट. कागदावर वाकला आणि तेलुगूतली गोल गोल अक्षरे एकेक करून काढली. आम्हाला ती वाचता येत नव्हती. शेवटचे अक्षर झाल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाला, "लेकीनं शिकवलं. चौथीत आहे. पासपोर्ट काढायचा होता ना, तेव्हा."

आमचा कंटाळा कुठल्या कुठे गेला. चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

मग झडती. तिथे हातातली पिशवी यंत्रातून जाते. आमची पिशवी अडली. कारभारणीने त्यात घरच्या तुपाची बरणी ठेवली होती. मोठ्या बॅगेत सांडेल म्हणून हातात घेतली होती. परदेशी जाताना हातातल्या सामानात पातळ जिन्नस १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत नेता येत नाही. २००६ साली इंग्लंडमध्ये पातळ स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हा नियम आला. तूप, लोणचे, काकवी, सगळे त्यात बसते.

झडतीवर एक तरुण मुलगी होती, खाकी कपड्यातली. बोली आमच्याच भागातली निघाली. म्हणाली, "मावशी, तूप घरचं आहे ते वासावरूनच कळतंय. पण मला सोडता येत नाही." कारभारणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या मुलीने बरणी बाजूला ठेवली आणि उघडलेला लाडवांचा डबा स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट बांधून दिला. "पुढच्या खेपेला मोठ्या बॅगेत घाला, झाकणाला चिकटपट्टी लावून." नियम नियमाच्या जागी राहिला, पण बोलणे गोड होते. तूप गेल्याचे दुःख निम्मे झाले.

आता ऐका, पुढे काय झाले ते.

विमानात चढण्यासाठी जी दारे असतात त्यांना गेट म्हणतात. प्रत्येक गेटला नंबर असतो. आपल्या पासावर लिहिलेल्या गेटपाशी जाऊन बसायचे. आम्ही बसलो. रात्रभर जागरण झाले होते, डोळा लागला.

एकाएकी कुणीतरी खांदा हलवला. पाहतो तर तोच गवंडी, धापा टाकत उभा. "काका, उठा! गेट बदललं. सगळे तिकडे गेले!"

विमान दुसऱ्या जागी उभे राहिले की गेट बदलते. त्याची सूचना झाली होती, पाटीवर नंबरही बदलला होता. आम्ही शिकलेले, चष्मेवाले, घोरत होतो. त्याने मात्र पासावरचा विमानाचा नंबर पाटीवरच्या नंबराशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला होता. इंग्रजी आकडे तो मोबाईलवर शिकला होता. आपल्या माणसांबरोबर तो नव्या गेटपर्यंत पोहोचला, तिथे आम्ही दिसलो नाही, म्हणून परत धावत आला. त्याचे स्वतःचे विमान चुकले असते तर? डोक्यावर कर्ज होते. तरी आला.

त्याने लाडवांचा डबा उचलला, आम्ही कारभारणीचा हात धरला आणि तिघे पळालो. दार बंद व्हायच्या आत पोहोचलो.

दुबईला उतरल्यावर त्याच्या टोळीला कंपनीची बस घेऊन गेली. कारभारणीने घाईघाईने दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले. तेवढीच भेट. नवव्या दिवशी आमच्या लेकीला मुलगी झाली. तिची आजी तिच्याजवळ होती.

आमचे दोघांचे गेट चुकले, तर एक माणूस धावत आला. पण हजारो माणसे वाटेत अडकली तर? तसेही एकदा घडले आहे.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवून घातपात झाला. जवळजवळ तीन हजार माणसे मेली. अमेरिकेने आपले आकाश बंद केले. समुद्रावर असलेल्या विमानांनी उतरायचे कुठे? कॅनडा देशात न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तिथे गँडर हे गाव, वस्ती सुमारे दहा हजार. पूर्वी समुद्र ओलांडणारी विमाने तिथे तेल भरायला थांबत, म्हणून विमानतळ मोठा. त्या दिवशी तिथे ३८ विमाने उतरली. साडेसहा हजारांच्या आसपास परकी माणसे! कितीतरी देशांची, कितीतरी धर्मांची.

लोकांच्या मोठ्या बॅगा विमानातच राहिल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी माणसे खाली आली. तेव्हा गँडर आणि आसपासची छोटी गावे उठली. शाळेच्या बसचे ड्रायव्हर संपावर होते. ते संप बाजूला ठेवून कामावर आले. शाळा आणि देवळे झोपायला उघडली. बायकांनी घरोघर स्वयंपाक केला. अन्न इतके जमले की ते टिकावे म्हणून बर्फावर खेळायच्या मैदानात नेऊन ठेवले. औषधवाल्यांनी औषधे दिली. लोकांनी पाहुण्यांना आंघोळीला आपल्या घरी नेले. चार-पाच दिवस हे चालले. लुईसपोर्ट नावाच्या गावात राहिलेल्या एका विमानाच्या प्रवाशांनी पुढे त्या गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभा केला.

ती गावे फार श्रीमंत नव्हती. पाहुणा कोण, हे त्यांनी विचारले नाही. त्याला काय हवे, एवढेच विचारले.

मंडळी, तुम्ही आता अक्षरे शिकत आहात. मराठी आकड्यांबरोबर इंग्रजी आकडेही शिकून घ्या. विमानतळावर ते फार उपयोगी पडतात. जे येत नाही ते विचारायला लाजू नका. आणि कुणी कोरा कागद घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला, तर आमच्यासारखा आवाज चढवू नका.

त्या गवंड्याचे नाव आम्ही स्वतः फॉर्मवर लिहिले होते. आज ते आठवत नाही. पण त्याची ती गोल अक्षरांची सही अजून डोळ्यांसमोर आहे. त्याची लेक आता मोठी झाली असेल. बापाला सही शिकवणाऱ्या त्या मुलीला आमचा आशीर्वाद सांगायचा राहून गेला. तो आज इथे सांगतो, आणि तुमची रजा घेतो. नमस्कार.