मतदारयादी आणि आपण

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त परदेशीपुरा, इंदूर येथे दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानासाठी साहित्याचा विषय सोडून मतदारयादीसारखा रूक्ष विषय मी घेतला, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु परदेशीपुऱ्यात उभे राहून तो टाळणे मला प्रशस्त वाटले नाही. उत्तरेकडून आलेल्या माणसाला 'परदेशी' म्हणण्याची मराठीची जुनी सवय आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या या वस्तीत मात्र कोणी कोणाला परदेशी म्हणावे? येथे सगळेच कोठून ना कोठून पोटासाठी आलेले. घरात मराठी, ओटल्यावर माळवी आणि कचेरीत हिंदी, ही आपली त्रिस्थळी यात्रा.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे दोन टक्क्यांहूनही कमी भरले. इंदुरात आपण त्यापेक्षा दाट आहोत, तरी अल्पसंख्यच. होळकरशाहीत मराठी माणसाला दरबारातील ओळख पुरत असे. १९४८ साली इंदूर मध्यभारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात गेले. ओळखीची जागा मताने घेतली. आपल्यातील काही घरांना हा बदल फार उशिरा उमगला. निवडणूक म्हणजे इतरांची गडबड, आपण आपले गणेशोत्सव आणि नाटक सांभाळावे, अशी एक सोज्ज्वळ अलिप्तता आपण जोपासली. ती मला कधीच पटली नाही.

कारण या शहराचा अनुभव निराळे सांगतो. १९६२ साली इंदूरने लोकसभेवर कॉम्रेड होमी दाजी यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. पारशी समाजाची येथील मते मोजायला किती वेळ लागला असता? दाजी गिरणी कामगारांच्या बळावर निवडून आले. त्यांच्याहून अगदी भिन्न विचारांच्या सुमित्राताई महाजन चिपळूणच्या माहेरवाशीण. १९८२ साली महापालिकेत नगरसेविका, पुढे उपमहापौर, आणि १९८९ साली माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव करून लोकसभेत. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्या याच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि शेवटच्या कारकिर्दीत लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. केवळ मराठी मतांवर हे एकदाही साधले नसते. या व्यासपीठाला पक्ष नाही, म्हणूनच दोघांची नावे एका दमात घेतो. दोघांनीही आधी वस्ती आपली केली. भाषा आणि जात मागाहून आली.

परंतु पुढारी मोठे झाले म्हणून समाज जागा झाला असे होत नाही. त्यासाठी आधी यादीत नाव लागते, आणि नावाची कथा मोठी उद्बोधक आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत असताना अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरली नाही. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या, आणि ज्या राज्यांत हे प्रामुख्याने घडले त्यांत आपला मध्यभारत होता.

हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. आमच्या घरी वाचनालयाची पुस्तके येत ती वडिलांच्या नावावर. वडील वर्तमानपत्रापलीकडे काही वाचीत नसत. आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवणारी आई. पण पुस्तकाच्या नोंदीत ती कोठेच नव्हती.

दूरचे एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात स्पॅनिश भाषिकांची वस्ती मोठी, तरी सत्तेत त्यांचा वाटा नगण्य होता. विली वेलास्केझ नावाच्या तरुणाने १९७४ साली सॅन अँटोनिओ येथे मतदार नोंदणीची संस्था काढली. तुमचे मत हाच तुमचा आवाज, असे ते सांगत. त्यांचे लक्ष मोठ्या पदांपेक्षा शाळामंडळ आणि नगरपरिषद यांकडे अधिक असे. पाणी, गटार, रस्ता यांचे निर्णय तेथेच होतात. १९७५ साली तेथील कायदा बदलला आणि जेथे भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पुरेशी होती तेथे मतपत्रिका त्यांच्या भाषेतही मिळू लागल्या. आपल्याकडे यादी हिंदीत असते आणि हिंदीला 'ळ' नाही. काळे यांचे 'काले' झाले तर एकवेळ हसून सोडता येईल. नावच नसले तर काय करावे?

आणि नावे जातात, हे या भागाला सांगायला नको. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद गिरणी बंद पडली. थकलेल्या देण्यापोटी कामगारांसाठी २२४ कोटी रुपये मिळाले ते २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी. तोवर कित्येक कामगार हयात राहिले नव्हते. गिरण्या गेल्या तशी घरे हलली. मुले नव्या वसाहतींत गेली. नाव जुन्या पत्त्यावर राहिले किंवा कोठेच राहिले नाही. त्यातून महापालिकेची यादी राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली प्रभागवार होते. लोकसभेला मत दिले म्हणून येथे नाव असेलच असे समजू नये. शहरात ८५ प्रभाग आहेत, आणि एखाद्या प्रभागाचा निकाल शे-दोनशे मतांनी फिरू शकतो.

आता थोडे घरचे. आपली वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच उपस्थितीत उरकली जाते. हिशेबावर प्रश्न विचारणारा सभासद आपल्याला कटकट्या वाटतो. खरे तर तोच उद्याचा चांगला नगरसेवक! आजीव सभासदांच्या यादीत दिवंगतांची नावे आहेत, आणि पुस्तके वाचणाऱ्या कितीतरी भगिनींची अजूनही नाहीत.

म्हणून दोन सूचना कार्यवाहांकडे लेखी दिल्या आहेत. एक, पुढील सभेपूर्वी सभासदांची यादी नव्याने करावी. घरात जो वाचतो त्याचे, जी वाचते तिचे नाव त्यात यावे. दुसरी, आसपासच्या प्रभागांच्या मतदारयाद्या वाचनकक्षात ठेवाव्यात आणि रविवारी सकाळी दोन तरुण सभासदांनी तेथे बसून येणाऱ्याला नाव शोधून द्यावे, नसल्यास अर्ज भरून द्यावा. येणारा मराठीच असावा अशी अट नको. पहिल्या रविवारी मी स्वतः बसेन. चष्मा जाड असला तरी बारीक अक्षर मला अजून वाचता येते.