लोकांचे दान आणि दंडित लोकप्रतिनिधी
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील धम्मबांधवांपुढे केलेले भाषण)



आपल्या पाड्यावरील निराधार विधवेस संजय गांधी योजनेतून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला तिला द्यावा लागतो. सरकारी नोकराची गोष्ट अशीच आहे. १९८२ च्या नियमांप्रमाणे त्याचे निवृत्तिवेतन पुढील सद्वर्तनावर अवलंबून असते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास सरकार ते रोखू शकते. माजी आमदाराचे निवृत्तिवेतन मात्र २०१६ साली दरमहा ५०,००० रुपये ठरले, आणि त्याला सद्वर्तनाची अट नाही. गरिबाला दाखला आणि कायदा करणाऱ्याला सूट, हा कोणता न्याय?

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाप्रमाणे दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला सभासद अपात्र ठरतो. सुटकेनंतरही सहा वर्षे त्याला निवडणूक लढविता येत नाही. अपिलाच्या आधारे पद टिकविण्याची सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस खटल्यात रद्द केली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली व त्यांचे सभासदत्व तत्काळ गेले. त्यांनी अपील केले. तो त्यांचा हक्कच आहे. प्रश्न एका व्यक्तीचा नाही. जो सभागृहात बसण्यास अपात्र, तो सभागृहाच्या नावाने खजिन्यातून वेतन घेण्यास पात्र कसा?

भगवान बुद्धांच्या संघात याचे उत्तर आहे. भिक्षू लोकांच्या दानावर जगतो. चोरी वा मनुष्यवध करणारा भिक्षू पाराजिक ठरतो. संघातील त्याचे स्थान संपते आणि त्या नात्याने मिळणारे दानही संपते. लोकांचे दान शीलाला आहे, चीवराला नाही. कर हेही लोकांचेच दान होय.

तथापि एक शंका रास्त आहे. शहापूरची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उद्या एखाद्या आदिवासी वा दलित सभासदाला मोर्चाच्या खटल्यात गोवून त्याची भाकरी तोडली तर? म्हणून कायदा रेखीव हवा. लाचलुचपत, सार्वजनिक पैशाचा अपहार, खून, स्त्रियांवरील अत्याचार आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील गुन्हे एवढ्यांनाच तो लागू व्हावा. सत्याग्रह व आंदोलनाचे गुन्हे वगळावेत. आरोप पुरेसा नव्हे, न्यायालयाची शिक्षा हवी. अपिलात निर्दोष ठरल्यास थकबाकीसह रक्कम परत द्यावी, आणि निरपराध पत्नी-मुलांच्या निर्वाहापुरता भाग राखावा.

हे न्यायालय करील अशी आशा धरू नका. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फेटाळले. तो कायदेमंडळाचा अधिकार आहे, असे सांगितले. कायदेमंडळाने मनात आणले तर काय होते, हे हिमाचल प्रदेशाने दाखविले. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या आमदारांचे निवृत्तिवेतन बंद करणारे विधेयक तेथील विधानसभेने २०२४ साली संमत केले. पक्ष सोडणे हा अपराध, आणि लोकांची तिजोरी फोडणे हा नव्हे काय?

संविधान चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत दिला होता. तो ध्यानी धरून प्रत्येक ग्रामसभेत ठराव मांडा. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारा: १९७६ च्या आमदार निवृत्तिवेतन अधिनियमात हे कलम घालण्यास आपण हात वर कराल काय? उत्तर लेखी घ्या.

जयभीम!