सशांच्या जाती आणि त्यांची रोगप्रतिकारशक्ति

अंगोरा, रेक्स, चिंचिला आणि न्यूझीलंडचा पांढरा ससा हे शेजारीं शेजारीं ठेवले, तर हीं सर्व एकाच गोत्रांतील मंडळी आहेत हें पाहणाऱ्यास खरें वाटणार नाहीं. परंतु ह्या सर्व जाती युरोपांतील एकाच रानसशापासून निपजल्या आहेत. लोंकर, कातडें, मांस आणि हौस ह्यांसाठीं माणसानें त्यांची निवड केली; रोग सोसण्याची शक्ति त्या निवडींत क्वचितच विचारांत घेतली गेली. मग त्या शक्तींत जातीजातींत भेद असेल काय?

2014 सालीं रानटी व पाळीव सशांच्या जनुकांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली. एखादें जनुक निकामी झाल्यामुळें ससा माणसाळला, असें तींत आढळलें नाहीं. फरक होते ते बहुतांशीं जनुकांचें काम कमी-अधिक करणाऱ्या भागांत. मसाल्याचा डबा तोच, चिमटीचें प्रमाण निराळें! म्हणूनच रोगप्रतिकाराच्या बाबतींतहि जनुक आहे कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. तें किती व केव्हां कामाला लागतें, हें पाहावें लागतें.

जनुक कामाला लागलें म्हणजे पेशींत त्याची आर. एन. ए. नांवाच्या द्रव्याची नक्कल तयार होते. रक्तांतील किंवा प्लीहेंतील ही नक्कल मोजतां येते. मात्र येथें फसगत होण्यास फार जागा आहे. सशाचें वय, त्याचा आहार, इतकेंच काय, पकडतांना त्यानें घेतलेला धसका, ह्या सर्वांनीं आंकडे बदलतात. शिवाय आंकडा मोठा म्हणजे ससा बळकट, असेंहि नव्हे. कदाचित् त्याला आधींच रोग जडलेला असेल. खरी कसोटी सांथीचीच.

ती कसोटी मिक्सोमा विषाणूनें घेतली. दक्षिण अमेरिकेंतील रानसशांना किरकोळ गांठ आणणारा हा विषाणु युरोपीय सशाला मात्र काळच ठरला. शेतें फस्त करणाऱ्या सशांच्या नाशासाठीं 1950 सालीं ऑस्ट्रेलियांत तो सोडण्यांत आला. 1952 सालीं तो फ्रान्समध्यें आणि 1953 सालीं ब्रिटनमध्यें पोंचला. आरंभीं शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक ससे मेले. पुढें विषाणु थोडा सौम्य झाला, आणि ससेहि बदलले. फ्रँक फेनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं हा बदल मोजला तो प्रयोगशाळेंतील पाळीव सशाची मोजपट्टी करून. पाळीव सशांपैकीं शेंकडा नव्वद मारणारा विषाणु, अनेक सांथींतून तगलेल्या रानसशांच्या पिलांना टोंचला असतां, मृत्यूंचें प्रमाण कांहीं वर्षांतच चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरलें.

2019 सालीं ह्याचें मर्म उकललें. संग्रहालयांत जपलेले सांथीपूर्वीचे ससे, त्यांत चार्ल्स डार्विनच्या संग्रहांतीलहि एक, आजच्या सशांशीं ताडून पाहण्यांत आले. परस्परांपासून दूर असलेल्या ह्या तिन्ही देशांत त्याच जनुकांचीं तींच रूपें वाढलेलीं दिसलीं. बदल एका जनुकांत नव्हता; अनेकांत थोडथोडा होता. त्यांतील एक इंटरफेरॉनचें. विषाणु शिरतांच पेशी जें द्रव्य सोडून शेजारणींना सावध करते, तें हें. आणि त्याचें नवें रूप मिक्सोमाला अधिक जोरानें रोखतें.

खुराड्यांतील सशांना ह्या चाळणींतून जावें लागलें नाहीं. ब्रिटनमध्यें त्यांना मिक्सोमाची लस टोंचतात, मग तो रेक्स असो कीं अंगोरा.