पसरणीच्या घाटांत

वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट लागतो. लग्नाच्या पहिल्या वर्षीं तेथें पत्नी म्हणाली, "अहो, जरा थांबूं या, खालीं कृष्णेचें खोरें किती सुरेख दिसतें!" मी म्हणालों, "परततांना थांबूं." परततांना अंधार पडला होता.

परवां मुलाच्या मोटारींतून तोच प्रवास केला. ती आज हयात नाहीं. मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहिला, घाटांतल्या त्या वळणावर उतरून बराच वेळ उभा राहिलों, आणि क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत गोमुखांतून पडणारें पाणी ओंजळींत घेतलें.

महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट उंचीवर आहे; तें कोठें पळून जात नाहीं. म्हणून वाटेंत कोणी "थांबा" म्हणालें, तर "परततांना" म्हणूं नये.