चिखलकाठचे पक्षी



परिसर अभ्यासाच्या तासाला पक्षी म्हटला की आपण मोर, पोपट, चिमणी यांपाशी थांबतो. हिवाळ्यात दूर देशांतून गावच्या तळ्याकाठी उतरणारे पक्षी आपल्या पाठात येत नाहीत. रंग मातकट, आवाज बारीक, म्हणून ते नजरेतून सुटतात, एवढेच.

त्यांपैकी तुतवार प्रथम दाखवावा. हिमालयात व त्याच्याही उत्तरेस त्याची वीण होते. पुष्कळदा ऑगस्टातच तो आपल्याकडे येतो. काठाने चालताना शरीराचा मागील भाग सारखा वरखाली हलवितो. परीटही शेपूट हलवितो, त्यामुळे मुलांची गफलत होते. परंतु तुतवार उडाला की पंख ताठ खाली वाकवून पाण्यालगत थरथरत जातो, मग शंका उरत नाही. त्याचा भाऊबंद हिरवा तुतवार उत्तरेकडील ओल्या अरण्यांत, झाडांवरील दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत अंडी घालतो! चिखलात वावरणाऱ्या पक्ष्याचा जन्म झाडावर, हे मुलांना अवश्य सांगावे.

खरा धडा मात्र चोचींचा. एकाच तळ्यावर इतक्या जातींचे पोट कसे भरते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. चिखल्याची चोच आखूड. तो धावतो, थबकतो, दिसेल ते टिपतो. पाणलाव्याची लांब चोच गाळात खोल शिरते, आणि तिच्या टोकाला स्पर्शज्ञान असल्याने न दिसणारा किडाही त्याला सापडतो. शेकाट्या लांब तांबूस पायांवर पाण्यात उभा राहून किडे वेचतो. उत्तर फळ्यावर लिहून देण्याची घाई करू नये. शाळेच्या अंगणात चिखल कालवून लहानमोठ्या काड्या रोवू द्याव्यात. उत्तर मुलेच काढतील.

गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील बंधाऱ्यामागे साचलेला गाळ व उथळ पाणी यांमुळेच या पक्ष्यांना तेथे अन्न मिळते. आपण मात्र गावच्या दलदलीस पडीक म्हणतो आणि भराव टाकून मोकळे होतो. भरावाचा विषय निघेल तेव्हा ग्रामसभेपुढे ठेवण्यास मुलांची नोंदवही हाताशी असावी: कोणता पक्षी, कोणत्या तारखेस, किती. नावे न कळल्यास चोच व पाय यांचे चित्र काढावे.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. दुर्बिणीवाचून अडत नाही. मुलांना गाळात उतरू देऊ नये. तो वरून घट्ट दिसला तरी आत पाय धरतो.